टाच एका बॅगेत, चवडा दुसरीत

आयुष्यात मी एकदाच शिसं लपवलं, आणि ते लपवायची काही गरज नव्हती. हे मला एका पोलिसाने सांगितलं, माझ्याच घराच्या पॅसेजमध्ये. पण ते पुढे.

बर्मिंगहॅमच्या कडेच्या एका हॉस्पिटलमध्ये मी तेव्हा रेडिऑलॉजिस्ट होतो. अंधाऱ्या खोलीत बसून दिवसभर लोकांच्या आतल्या सावल्या बघायच्या आणि रिपोर्टमध्ये 'संशयास्पद' असं लिहायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. हा शब्द पंधरा वर्षं रोज लिहिला की तो खोलीतून आपल्याबरोबर घरी येतो. शेजाऱ्याने कचऱ्याचा बिन एक दिवस आधी बाहेर काढला तरी मला त्यात काहीतरी दिसायचं. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही माणसांकडे बघताना तरी लाइट लावत जा."

अशा माणसाने रायफल क्लबात जाऊ नये. पण हॉस्पिटलच्या नोटीसबोर्डावर बॅडमिंटन आणि गाणाऱ्यांचा कॉयर यांच्या मध्ये त्या क्लबाचं कार्ड लागलं होतं आणि माझा एक जुना हिशेब चुकता व्हायचा होता. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पमध्ये मला थ्री-नॉट-थ्रीच्या पाच गोळ्या झाडायला मिळाल्या होत्या. पाचही शेजारच्या पोराच्या टार्गेटवर लागल्या. त्याला बक्षीस मिळालं, मला खांद्यावर निळा डाग. हवालदार शांतपणे म्हणाला होता, "तू शत्रूकडून लढ. आपण जिंकू."

क्लब एका बंद पडलेल्या दगडखाणीत होता. नव्या माणसाला तिथे काही महिने उमेदवारी करावी लागे. सगळे तुमच्याशी हवामानावर बोलणार आणि तुम्ही रायफलची नळी कुठे धरता तिकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणार. मीही त्यांच्याकडे तसाच बघत होतो. एकमेकांवर संशय घेणाऱ्या लोकांमध्ये इतकी सभ्यता मी आजवर पाहिलेली नाही.

तिथे मला तो म्हातारा भेटला. सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर छपरं घालण्याचं काम केलेला, हात फावड्यासारखे. त्याच्याकडे जी रायफल होती ती बघून मी थबकलो. होती थ्री-नॉट-थ्रीच, पण ओळखू येईना. महायुद्धानंतर लष्कराने असल्या रायफली ढिगाने विकून टाकल्या. कुणीतरी ही घेऊन तिचं पुढचं लाकूड कापलं, नळी अर्धी उघडी केली, मागचा दस्ता तासून पॉलिश केला, आणि तिची शिकारी रायफल बनवली. निवृत्त हवालदाराने सफारी सूट शिवून घ्यावा तशी ती दिसत होती. चाल मात्र तीच. बोल्ट मागेपुढे केला की कॅम्पमधला तोच आवाज.

"घाबरू नकोस, डॉक," म्हातारा म्हणाला. "ही आता लाथ मारत नाही."

ती लाथ मारत नव्हती, कारण तो तिला घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या घालायचा. त्याच्या एका खांद्याचं ऑपरेशन झालेलं होतं; कारखान्याच्या काडतुसांचा धक्का सोसत नव्हता. शिशाची गोळी मऊ, तिला दारू थोडी, धक्का हलका. आवाजसुद्धा धाड असा नाही, कुणीतरी जाड पुस्तक मिटल्यासारखा. शंभर यार्डांवर कागदाला भोक पाडायला तेवढं पुरतं. त्या दिवशी मी पाच गोळ्या झाडल्या आणि तीन माझ्याच टार्गेटवर लागल्या. घरी येऊन मी हे तीनदा सांगितलं. बायकोने विचारलं, उरलेल्या दोन कुठे गेल्या. संशयाची लागण होते, ती अशी.

गोळ्या कशा ओततात ते त्याने मला त्याच्या शेडमध्ये दाखवलं. साचा सांडशीसारखा, दोन मुठींचा. पहिली गोळी नेहमी सुरकुतलेली निघते, कारण साचा थंड असतो. पहिलं धिरडं असंच फुकट जातं, असं मी म्हणालो. धिरडं म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटं गेली, तोवर साचा परत थंड झाला. तो हसला नाही, सुरकुतलेली गोळी भांड्यात परत टाकली आणि म्हणाला, "शिशाचं एक बरं असतं. चूक परत वितळवता येते." मला हे वाक्य फार आवडलं. घरी आल्यावर बायको मला सरळ बाथरूममध्ये पिटाळायची आणि कपडे वेगळे धुवायची. हा नियम मीच घालून दिला होता. शिसं अंगात गेलं की काय होतं हे माझ्याइतकं तिथे कुणाला माहीत होतं.

वसंतात मी पक्का सभासद झालो आणि रायफल बाळगायच्या सर्टिफिकेटसाठी पोलिसांकडे अर्ज केला. म्हाताऱ्याचा दुसरा खांदाही आता कुरकुर करू लागला होता, डोळ्यांत मोतीबिंदू. एका रविवारी रायफल पुसता पुसता तो म्हणाला, "तुझा कागद मेअखेरीपर्यंत आला तर ही तुझी. नाही आला तर तो समोरचा टपलाय." समोरचा म्हणजे क्लबातला एक ढेरपोट्या, ज्याला त्या रायफलीचा दस्ता पुन्हा तासून बदलायचा होता. ती रायफल मला हवी होती. इतकी हवी होती की मी आरशासमोर पोलिसांच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करत होतो.

त्याच दिवशी म्हाताऱ्याने माझ्या गाडीच्या डिकीत एक गोणपाट टाकलं. आत छपराच्या शिशाची एक गुंडाळी. "घरी ठेव. पुढच्या महिन्यात ओतू. माझी शेड भरलीय."

तो एवढं बोलला आणि मान वळवली. पुढचे चार दिवस मी त्या मान वळवण्याचा रिपोर्ट मनात लिहीत होतो.

घरी गॅरेजमध्ये मी ती गुंडाळी उलगडली. करडा, जुना, ठिकठिकाणी फाटलेला पत्रा. आणि त्याच्या मधोमध खरवडून काढलेला एक बूट. म्हणजे कुणीतरी बूट पत्र्यावर ठेवून, कडेने टोच्याने रेघ ओढून, आत दोन अक्षरं आणि सतराशे काहीतरी असं साल कोरलेलं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुणाचा तरी पाय. मी आपला पाय शेजारी ठेवून बघितला. त्याचा लहान होता.

दुसऱ्या दिवशी दारात फुकट पेपर पडला. त्या वर्षांत धातूचे भाव चढले होते आणि देशभर चर्चच्या छपरांवरून शिसं चोरीला जात होतं. पहिल्या पानावर आमच्यापासून दोन मैलांवरच्या चर्चची बातमी: रात्रीत छप्पर सोललं. सोबत जुन्या छपराचा फोटो. पूर्वी छपरं घालणारे कारागीर पत्र्यावर स्वतःच्या बुटाची आकृती कोरून ठेवत, अशी त्याखाली माहिती. फोटोत तीन बूट दिसत होते.

मी पेपरची घडी घातली आणि गॅरेजचं दार आतून लावलं.

आता तुम्ही म्हणाल, फोन उचलून म्हाताऱ्याला विचारायचं. हे मला आज सुचतं. तेव्हा मला काय काय दिसलं सांगतो: हा माणूस आयुष्यभर छपरांवर चढलेला, शेड भरलेली, मान वळवली, आणि शिसं वितळवलं की त्यावरचे बूट, अक्षरं, सालं सगळं जातं. चूक परत वितळवता येते. ते आवडलेलं वाक्य आता मला कबुलीजबाबासारखं ऐकू यायला लागलं. अशा माणसाने अर्जावर माझ्यासाठी शिफारस लिहिलेली. आणि गुरुवारी अकरा वाजता घर तपासायला पोलीस खात्याचा माणूस येणार होता.

शिसं घराबाहेर नेणं शक्य नव्हतं. डिकीत गोणपाट घेऊन फिरणाऱ्या हिंदुस्थानी माणसाला त्या आठवड्यात कुणी थांबवलं असतं तर मी स्वतःच हात पुढे केले असते. घरातच अशी जागा हवी होती जिथे पोलीस हात घालणार नाही. आणि तशी जागा आमच्या वरच्या खोलीत, पलंगाशेजारी, तोंड वासून उघडी पडली होती.

सासूबाई सहा महिने राहून शुक्रवारी पुण्याला परत निघाल्या होत्या. त्यांच्या दोन बॅगा गेले पंधरा दिवस भरल्या जात होत्या. प्रत्येक बॅग तेवीस किलो, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. महिला मंडळासाठी चॉकलेटं, जावांसाठी शाम्पू, नातवंडांसाठी कपडे, आणि लंडनमधल्या वेम्बलीला जाऊन घेतलेल्या चार साड्या. पुण्याहून आलेली साडी वेम्बलीत घेऊन परत पुण्याला का न्यायची, असं मी एकदाच विचारलं होतं. बायकोने मला सांगून ठेवलं होतं, "आईच्या बॅगांना हात लावू नका."

बुधवारी त्या दोघी देवळात गेल्या तेव्हा मी हात लावला.

योजना साधी होती. पोलीस येईपर्यंत शिसं बॅगांच्या तळाशी, तो गेला की बाहेर. दोन्ही बॅगांत वजन सारखं राहावं म्हणून मी पत्रा कात्रीने कापून दोन भाग केले. कापताना बुटाकडे लक्ष गेलं, पण मध्य तिथेच येत होता. साड्यांना डाग पडू नयेत म्हणून तुकडे जुन्या पेपरात गुंडाळले. आणि शिशाला जेवढी जागा लागली तेवढंच सामान बाहेर काढून माझ्या गाडीत ठेवलं. जागा. वजन नाही. शाळेत घनता शिकवली त्या दिवशी मी बहुधा गैरहजर होतो.

गुरुवारी अकराला पोलीस आला. पन्नाशीचा, बारीक आवाजाचा, बगलेत फाइल. रायफलीसाठी जिन्याखाली बसवलेलं पोलादी कपाट त्याने हलवून बघितलं, बोल्ट मोजले, किल्ली कुठे ठेवणार विचारलं. रायफल का हवी विचारलं. मी पाठ केलेलं उत्तर दिलं. ते इतकं पाठ होतं की त्याने वर बघितलं.

"गॅरेज बघू का?" तो म्हणाला.

"अवश्य," मी म्हणालो. इतक्या आनंदाने आजवर कुणी पोलिसाला गॅरेज दाखवलं नसेल. तो रिकाम्या फरशीकडे बघत राहिला. मीही बघितलं. बाकी सगळीकडे धूळ होती, मधोमध गोणपाटाच्या आकाराचा स्वच्छ चौकोन. त्याने काही लिहिलं.

आम्ही आत आलो तेवढ्यात वरून धप्प असा आवाज झाला आणि सासूबाई एक बॅग ओढत जिन्याच्या टोकाशी आल्या. शेवटच्या दिवशी सगळं सामान पुन्हा एकदा वजन करायचं, हा त्यांचा नेम. बाथरूममधला काटा घेऊन त्या बसल्या होत्या.

"जावईबापू, जरा वर या. काटा बिघडलाय. काल तेवीस होती, आज एकतीस दाखवतोय."

"बिघडलाच असणार, आई," मी म्हणालो. "राहू द्या. मी संध्याकाळी बघतो."

"संध्याकाळी कशाला? दुसरीपण एकतीस. दोन्ही सारख्याच कशा बिघडतील?"

मराठी न कळणाऱ्या पोलिसाला बॅग आणि म्हातारी बाई एवढं कळलं. तो इंग्रज होता. जिन्यावर बॅग घेऊन उभी असलेली वयस्कर बाई बघून त्याच्याने राहवेना. मी त्याच्या आड येईपर्यंत तो वर गेला, बॅग उचलली, वाकला, आणि म्हणाला, "बापरे, काय भरलंय यात? शिसं?"

जड बॅग उचलली की इथले लोक असंच म्हणतात, हे मला नंतर समजलं. तेव्हा माहीत नव्हतं.

"थोडंसंच," मी म्हणालो.

त्याने बॅग खाली आणून कार्पेटवर ठेवली आणि माझ्या परवानगीने उघडली. साड्या, त्याखाली पेपराचं पुडकं. पुडकं त्याने उलटवलं, आणि पेपराचं पहिलं पान वर आलं. छप्पर सोललेलं चर्च, तीन बूट, सगळं. मी बातमी ज्यात वाचली तोच पेपर मी चोरीच्या मालाला गुंडाळला होता.

पोलीस ती बातमी वाचत असताना सासूबाई बॅगेत डोकावल्या. त्यांचा तपास वेगळाच चालला होता.

"माझी चॉकलेटं कुठायत?"

"गाडीत आहेत, आई."

"माझ्या बॅगेतून काढून तुम्ही गाडीत नेलीत? खायला?"

मला एकाच वेळी दोन भाषांत कबुलीजबाब द्यायचा होता. मी सगळं सांगून टाकलं. म्हातारा, गोणपाट, मान वळवणं, साचा, पुढच्या महिन्यात ओतू, सगळं. ज्या माणसाने मला बंदूक धरायला शिकवलं त्याचं नाव आणि पत्ता मी न विचारता दिला. पोलीस फाइल घेऊन बाहेर गाडीत गेला. मी खिडकीतून बघत होतो. तो फोनवर बोलत होता, आणि मध्येच थांबून माझ्या घराकडे बघत होता.

पंधरा मिनिटांनी तो परत आला. "तुमच्या मित्राकडे चर्चचं पत्र आहे," तो म्हणाला. "चोरांनी टाकून दिलेले फाटके तुकडे चर्चने त्याला दिले. त्याबदल्यात नवं छप्पर घालायला तो फुकट मदत करतोय. शिसं घरात ठेवणं हा गुन्हा नाही, डॉक्टर. त्याच्या गोळ्या ओतणं हाही नाही. लपवायचं काय होतं?"

मी सासूबाईंच्या साड्यांच्या घड्या घालायला लागलो.

"त्याने गुंडाळी उलगडलीच नव्हती," तो पुढे म्हणाला. "त्याला बुटाचं काही माहीत नाही. चर्चवाले तोच बूट शोधतायत. कुठाय तो?"

मी या बॅगेतला तुकडा काढला, मग वर जाऊन त्या बॅगेतला आणला. त्याने कार्पेटवर गुडघे टेकले आणि टाच आणि चवडा एकमेकांना जुळवले. मधून सरळ कापलेलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"का?"

"वजन सारखं विभागायला."

त्याने फाइल उघडली. मग त्याने सासूबाईंना त्यांच्या जावयाबद्दल विचारलं. माणूस कसा आहे, शांत आहे का, असं. सासूबाईंनी इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत सांगितलं, "गुड बॉय. बट फ्रॉम बिगिनिंग, लिटल फूलिश. कॅनॉट हाइड एनीथिंग. यू सॉ." तो हे सगळं लिहून घेताना मी बघितलं. बूट तुमच्या मित्राबरोबर चर्चला पोचवा, असं त्याने जाताना बजावलं. सर्टिफिकेट मिळण्यात माझ्या उत्तरांचा काही हात असेल असं मला वाटत नाही.

पुढचे तीन आठवडे म्हातारा रेंजवर आला नाही. ढेरपोट्या माझ्याकडे बघून हसायचा, आणि मला वाटायचं, याला सगळं माहीत आहे. वाटायचं, रायफल गेली. मेच्या शेवटच्या आठवड्यात पाकिटातून कागद आला. मी फोन केला. कागद आल्याचं म्हाताऱ्याला सांगितलं. मग तो म्हणाला, "रविवारी चर्चमध्ये ये. बूट घेऊन ये. आणि कसा कापला गेला ते तूच सांग."

मी गाडीत इंग्रजी वाक्य जुळवत गेलो. चर्चचं काम बघणाऱ्या बाईंनी ते दोन तुकडे हातात घेतले, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "रानटी," त्या म्हणाल्या. "चोरायचं तर चोरा. पण असं मधोमध कापून टाकायला काय मिळालं असेल त्यांना?"

ही माझी बोलायची जागा होती. म्हातारा वर, नव्या छपराकडे बघत होता.

"लोक काय काय करतात," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर म्हातारा सरळ आपल्या गाडीकडे गेला. डिकी उघडली, रायफल काढली, माझं सर्टिफिकेट बॉनेटवर ठेवून त्यावर जाड बोटांनी नोंद केली. "विचारायचं होतंस," तो म्हणाला. "मी चिडलो असतो, अर्धा तास. आता तीन आठवडे चिडावं लागलं. या वयात तेवढा वेळ नसतो, डॉक."

"सॉरी."

"आणि आत काय बोललास?"

"मला जमलं नाही."

"ते दिसलं." त्याने रायफल माझ्या हातात दिली. उरलेल्या पत्र्याच्या गोळ्या आम्ही त्याच आठवड्यात ओतल्या. आधी त्याने प्रत्येक तुकडा माझ्यासमोर उलगडून, दोन्ही बाजूंनी उलटून दाखवला.

पहिल्या पाचांतल्या चार माझ्या टार्गेटवर लागल्या. शेजारी ढेरपोट्या होता. त्याने पाचच झाडल्या होत्या, कागदावर सहा भोकं निघाली. तो मोजत राहिला, मग रांगेकडे वळून कुणाची म्हणून विचारलं. म्हाताऱ्याने दुर्बिणीतून डोळा काढला नाही.

"माझी," मी म्हणालो.

चर्चमध्ये तो बूट आता दाराशेजारी चौकटीत लावलाय. टाच आणि चवड्याच्या मध्ये बोटभर फट ठेवून. खाली कार्ड आहे, त्यावर लिहिलंय, चोरीच्या वेळी कापला गेला. दर ख्रिसमसला आम्ही कॅरल्स ऐकायला जातो तेव्हा बायको त्या कार्डापाशी मुद्दाम थांबते आणि माझ्याकडे बघते. ते चोर काही सापडले नाहीत. सापडले तर एवढी एक गोष्ट ते नाकारतील, आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.